बाल्कनीतली रबरी मॅट

अहो,

साइटवरून आलात की आधी कुणालभावजींना फोन लावा. मी सारखी लावतेय, पण त्यांचा मोबाइल लागत नाही. डोंगरात रेंज नसेल.

काल दसऱ्याच्या पूजेसाठी पिकअप धुताना तुम्ही मागच्या हौद्यातली कॅम्परची झोपायची केबिन उतरवून तिच्याखालची रबरी मॅट काढलीत. आत्ता कपडे काढायला गेले, तर ती बाल्कनीतच वाळतेय! भावजींनी सकाळी तशीच केबिन चढवली, चारही कोपऱ्यांना चेन अडकवल्या आणि खोरफक्कानच्या समुद्रकिनारी निघाले. मॅट नसली की केबिन पत्र्यावर सरकते आणि चेन सैल पडतात, हे तुम्हीच मला दाखवलं होतंत. नारळ फोडलात, लिंबू-मिरची बांधलीत, मॅट कुणालाच आठवली नाही. मसाफी गावापुढचा घाटातला उतार तुम्हाला माहीत आहेच.

टॅक्सी करून मी त्यांच्या मागे निघालेय. वाटेतल्या प्रत्येक पंपावर विचारेन. तुम्ही माझ्यामागे येऊ नका, फोनजवळच बसा.

आपली इरा आणि निनाद पुढे भावजींशेजारी बसलेले नाहीत. मागे केबिनमध्ये झोपूनच जायचं म्हणून हटून बसले होते. उशा मीच दिल्या.

सुलभा