कावळा शिवल्याचं पत्र

अहेरी, २२ ऑगस्ट १९५६, संध्याकाळ

नदीचा पूर आजही उतरला नाही. डाकेची थैली पोस्टातच पडून आहे, तारही बंद. त्या थैलीत माझं दुसरं पत्र आहे.

गुरुवारी विहिरीवर हिच्या डोक्याला कावळा शिवला. अशा वेळी जवळच्या माणसाला मरणाची खोटी बातमी धाडायची, तो रडला की अरिष्ट टळतं, अशी इकडची रीत. "वसंताले लिवा," ही म्हणाली. आमचा वसंता पलटणीत भरती होऊन दीडच महिना झाला. अजून कवायतच शिकतो आहे. मी म्हटलं, खरं काय तेही त्याच पाकिटात लिहितो.

"दोन्ही संगं पोचली त तो रडन कसा जी? अन् तो रडला नाई त मी जगन कशी?"

शेवटी लिहिलं. 'तुझी आई गेली.' वीस वर्षं वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो, एकही खोटी नव्हती. ते पत्र शुक्रवारी नदीपार गेलं. खरं पत्र शनिवारी टाकलं, आणि त्याच संध्याकाळी पूर आला.

आतापर्यंत वाचलं असेल त्यानं. सुटी मिळायची नाही. पळून निघाला तर? केस भरतीच्याच दिवशी उतरवले, असं त्यानंच कळवलं होतं. म्हणजे आईसाठी उतरवायला तेही नाहीत. दोन्ही पत्रं एकत्र का टाकली नाहीत मी?

ही आज पोटभर जेवली, गुरुवारनंतर पहिल्यांदा. हात धुताना तिनं हसून विचारलं, "रडला असंन ना जी?"

"रडला असेल," मी म्हटलं. इतकी खात्रीची बातमी वीस वर्षांत दिली नव्हती.