डाव्या गालावर तीळ

१४ एप्रिल १९८६

पाहिली! एकदाची पाहिली तिला.

सहा महिने हिचा फोटो आमच्या ओहायोतल्या फ्रीजच्या दारावर होता. कृष्णधवल, कपाळाला आठ्या, फोटोग्राफरवर खटला भरणार असं तोंड. आणि डाव्या गालावर ठसठशीत तीट! ती तीट पाहूनच मी विद्याधरला म्हटलं होतं, त्या अंधेरीच्या आश्रमात हिला जपणारं कोणीतरी आहे. मग अर्ज, चौकशा, शेजाऱ्यांच्या साक्षी, इथल्या हायकोर्टाचा पालकत्वाचा हुकूम. आणि आज मालन नावाच्या आयाने अनुपमाला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. अकरा महिन्यांची. मी लगेच ओळखलं! तेच कपाळ, त्याच आठ्या. माझं मंगळसूत्र मुठीत धरलं ते सोडेचना.

सासूबाई घाटकोपरला दारातच वाट बघत उभ्या. 'कशी आहे गं?' मला सांगताच येईना. नुसती रडले.

१५ एप्रिल

विद्याधरला तार केली — फोटोपेक्षा छान आहे.

२३ एप्रिल

रोज घाटकोपरहून बसने अंधेरी. अंगाची लाही होते, पण आता सवय झाली. मूल घरी न्यायचं नाही, व्हिसा हातात आल्यावरच — असा रत्नप्रभाबाईंचा नियम. आश्रम त्याच चालवतात. बाई करड्या, पण पोरांची नावं, आजार, सगळं तोंडपाठ.

हिला मऊ भात भरवते. अर्धा तिच्या पोटात, अर्धा माझ्या पदरावर. मालन हिला 'ठकी' म्हणते. मी म्हटलं, अगं, अनुपमा इतकं छान नाव ठेवलंय तुम्हीच! तर म्हणते, 'असू दे ना ताई. आम्ही ठकीच म्हणतो हिला.' राग आला जरा. मी अनुपमा, अनुपमा करून घसा कोरडा केला. पण मान वळते ती ठकीलाच.

५ मे

वाट लागली.

सगळे कागद घेऊन अमेरिकन वकिलातीत गेले. रत्नप्रभाबाईंनी तेवढ्यापुरतं हिला सोबत नेऊ दिलं. व्हिसाचा अधिकारी तरुण, नम्र. पासपोर्ट पाहिला, हुकूम पाहिला, फोटोसकट डॉक्टरचा दाखला पाहिला. मग हिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, इथे ओळखीची खूण लिहिली आहे — डाव्या गालावर तीळ. तीळ कुठे आहे, मॅडम?

मी हसलेच! म्हटलं, अहो, तो तीळ नाही, तीट आहे. काजळाचा ठिपका. दृष्ट लागू नये म्हणून लावतात आमच्यात. डॉक्टरने फोटो बघून लिहिलं असणार.

तो हसला नाही. म्हणाला, डॉक्टरने मूल तपासून लिहिलंय. मग ही तीच मुलगी कशावरून?

'मी ओळखते ना तिला!'

'याआधी कधी पाहिली होती?'

फोटोत, म्हटलं. त्याने कागद माझ्याकडे परत सरकवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता एक तर कोर्टाकडून हुकूम दुरुस्त करून आणायचा — कोर्टाला मे महिन्याची सुट्टी! — नाही तर ज्या बाईने तीट लावली तिचं शपथेवरचं प्रतिज्ञापत्र. सोबत आश्रमाचंही.

सासूबाईंना सांगितलं तर त्या हसून हसून बेजार. 'तिटेला तीळ म्हणतात मेले! त्यांना म्हणावं, कुंकवाला रक्त नाही म्हटलंत हे नशीब.' मीही हसले शेवटी. एवढीशी तर गोष्ट.

६ मे

रत्नप्रभाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. पदराने पुसत बसल्या, किती वेळ! मग म्हणाल्या, 'हो. तीटच असणार. आया लावतात.' वकिलाकडून मजकूर करून घेतला. मालनचा अंगठा झाला की झालं. आज ती आली नव्हती.

९ मे

विद्याधरचा ट्रंककॉल. रजा वाढवून मिळत नाही, येता येणार नाही. मग चाचरत म्हणाला, 'मृणाल, फारच अडलं तर दुसऱ्या मुलाचं बघायचं का? नव्याने?'

मी ओरडलेच. मूल म्हणजे काय साडी आहे, रंग पसंत नाही म्हणून बदलून आणायला? हीच पाहिजे मला. फोटोतली हीच!

तो सॉरी म्हणाला. खरखर इतकी, की धड ऐकूही आलं नाही.

१४ मे

आश्रमात गोवर. मला आत सोडत नाहीत. खिडकीतून पाहिलं — हिचं अंग लाल, डोळे चिकटलेले. भिंतीकडचे दोन पाळणे रिकामे. ती मुलं कुठे गेली, विचारलं. कोणी सांगितलं नाही. दवाखान्यात असतील.

सासूबाईंनी देव पाण्यात ठेवलेत. एरवी मी टिंगल केली असती. आज गुपचूप हात जोडले. एवढं मूल जगू दे. बाकी काही नको.

१७ मे

ताप उतरला! खंगलीय पार. डॉक्टर म्हणाले, हिची छाती नाजूक. पावसाळा इथे काढला तर काही सांगता येत नाही.

२० मे

मालन अजून येत नाही. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, दुसऱ्या आयाचा अंगठा घेऊ, कोण विचारतंय! मला ते पटलं नाही. त्या माणसाने एकदा संशय घेतलाय, आता सगळं चोख पाहिजे. जिने तीट लावली तिनेच सांगितलं पाहिजे. रत्नप्रभाबाई एकदम तुटक झाल्या. 'तुमची मर्जी,' म्हणाल्या.

उद्या वर्सोव्याला जाते. मालन तिथे राहते.

२१ मे

लिहायलाच हवं. नाही लिहिलं तर वेड लागेल.

कोळीवाड्याच्या मागे एका खोलीत मालन राहते. मला बघून तिने तोंडाला पदर लावला. मी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. म्हणाली, 'खोट्यावर अंगठा नाय देणार मी ताई. मला पोरंबाळं आहेत.'

खोटं कसलं त्यात? लावली होतीस ना तीट?

'आश्रमात काजळाला बंदी आहे. मागं पोरांचे डोळे आले होते, तेव्हापासून डबीसुद्धा नाय ठेवत.'

आणि मला दिसलं! महिनाभर मी तिथे जाते. एकाही पोराच्या डोळ्यांत काजळ नाही. बघत काय होते मी?

'मग तो ठिपका?'

'तीळच होता तो. मसुराएवढा. रोज आंघोळ घालायची ना मी तिला.'

तिला. मी विचारलं, ती म्हणजे कोण? मालन रडायला लागली. अनुपमा डिसेंबरात गेली. हगवण लागली, दोन दिवसांत संपलं. त्याच आठवड्यात पोलिसांनी दुसरी पोर आणून दिली, साधारण तेवढीच. रत्नप्रभाबाईंनी तिला अनुपमाचं नाव लावलं, अनुपमाचे कागद लावले. 'पण मला नाय जमलं ताई ते नाव. मी ठकी म्हणते.'

लहान मुलांना पुरतात. मालनच घेऊन गेली होती तिला, रिक्षातून, मांडीवर. मी म्हटलं, जागा दाखव. तिने दाखवली, तिथेच वर्सोव्याच्या किनाऱ्याला. वाळू, तणकट, बाजूला बोंबील वाळत घातलेले. बस. मी उभी राहिले तिथे. वास सहन होईना म्हणून निघाले — मी, निघाले!

निघताना मालन म्हणाली, 'ठकीला न्या तुम्ही. खरंच न्या. फक्त मला शपथ घालू नका.'

२२ मे

सासूबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय.

२४ मे

रत्नप्रभाबाईंच्या समोर जाऊन बसले. ओरडणार होते. त्यांनीच दार लावलं आणि म्हणाल्या, 'मालनने सांगितलं ना?'

नाकारलं काहीच नाही. 'तुमचे कागद कोर्टात पोचले होते. तेव्हा मी मृत्यू कळवला असता तर तुमचं सगळं पहिल्यापासून. आणि हिचं तर सुरूच झालं नसतं. गोवंडीला सापडलेली काळी, अशक्त मुलगी. इथे कोण घेतं, सांगा.'

'हिला शोधत कोणी आलं असतं तर?'

'आलं नाही.'

'तुम्ही शोध घेतलात?'

बाईंनी टेबलावरच्या फायली सारख्या केल्या. मी विचारलं, आणि जी गेली, तिचं काय? म्हणाल्या, 'ती गेलेलीच होती, मृणालिनीताई. मी जी होती तिचं बघितलं.'

मग म्हणाल्या, तुम्हाला पोलिसांत जायचं तर जा. माझं जे व्हायचं ते होईल. पण मग ही मुलगी इथेच राहील, एवढं लक्षात ठेवा.

मला त्यांची किळस आली. आणि तरी बस पोलीस चौकीवरून गेली तेव्हा मी उतरले नाही.

२८ मे

चार दिवस अंधेरीला गेले नाही. दाखल्यावरचा तोच फोटो घेऊन बसते. सासूबाईंना वाटतं, मी त्या ठकीसाठी झुरतेय.

डिसेंबरात आम्ही तिकडे खोलीला पिवळा रंग लावत होतो. विद्याधर शिडीवर, मी खाली. फिका की गडद, यावरून कडाक्याचं भांडलो! त्याच दिवसांत कधीतरी ती गेली. मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च — रोज सकाळी दूध काढताना मी ह्या फोटोला काय काय सांगत होते! वेडी! कोणाला सांगत होते?

आणि ओळखलं म्हणे मी. तेच कपाळ म्हणे!

ह्या फोटोतल्या पोरीसाठी कोणी सुतकही धरलं नाही. मेली असं कुठे लिहिलेलंच नाही. मी खोटं बोलले तर ती कधी मेलीच नाही असं होईल. आणि खरं बोलले तर दुसरी मरेल. यातलं बरं कोणतं, हे कोण सांगणार मला? पाण्यातले देव?

३१ मे

गेले. राहवलं नाही.

केस विरळ झालेत. खोकते. मला बघून तोंड फिरवलं — रुसली होती! एवढीशी पोर, आठवड्याचा हिशेब ठेवते. मी 'ठकी' म्हणून पहिल्यांदा हाक मारली. लगेच आली. रांगत, धापा टाकत आली.

किती उशिरा मारली मी ती हाक.

२ जून

विद्याधरचा फोन. सांगणार होते. पण मधे ऑपरेटर, घरात सासूबाई, आणि तो उत्साहाने पाळण्याला नवी गादी आणल्याचं सांगत होता. 'फोटो फ्रीजवरून काढून फ्रेम केला गं,' म्हणाला. मी बरं म्हटलं.

प्रतिज्ञापत्र रत्नप्रभाबाईंनी स्वतःच्या नावाने केलं. मीच तीट लावली, असं. सही करताना हात स्थिर होता. उद्या ते घेऊन वकिलातीत जाते.

३ जून

शुक्रवारी बोलावलंय. ठकीला घेऊन.

६ जून

उजवा हात वर करायला लावला. फोटोतली मुलगी ती हीच का, विचारलं. मी हो म्हटलं. व्हिसा मिळाला.

बुधवारचं विमान. तिकडे सगळे विचारतील, मुलं किती. एक सांगेन. थोरली वर्सोव्याला असते, हे कोणाला सांगू!