पाटावरचं कोरं टोपण

अण्णा, आज खंडेनवमी. पणजोबांची तलवार पेटीतून काढून तिला तेलाचा हात दिला, तुमचं मापाचं कॅलिपर पुसलं, दोन्ही पाटावर शेजारी ठेवली. तिसरी वस्तू अजून माझ्या ओच्यातच आहे, म्हणून लिहायला बसले. पाठवणार कुठे म्हणा!

इकडे उत्तरेत, बिजौलीतल्या आपल्या कारखान्यात तेव्हा रेल्वेचे नटबोल्ट व्हायचे. घर कसंबसं चालायचं. मग लढाई झाली आणि फौजेची ऑर्डर आली, अंगठ्याएवढ्या पोलादी टोपणांची. कशाची टोपणं, ते फौजेचा साहेब सांगेना. "रावसाहब, आप नाप देखिए, काम मत पूछिए." त्या नापासाठी सरकारनं आगाऊ रक्कम दिली, परदेशी लेथ आला, केसाहून बारीक चूक पकडायला तुम्ही कारागिरांना शिकवलंत. बघता बघता आसपासच्या शेडमध्येही तसलेच लेथ आले, कारागिरांच्या दारात स्कूटरी उभ्या राहिल्या, आणि आई बडा बाजारातून पहिल्यांदा घासाघीस न करता माझ्यासाठी कापड घेऊन आली.

त्या खंडेनवमीला तुम्ही एक टोपण पाटावर ठेवता. आई विचारते, "हे कशाला लागतं हो?"

"फौजेला."

"अहो, पण फौजेला कशाला?"

तलवारीला कुंकू लागतं, कॅलिपरला लागतं, टोपणाशी तुमचं बोट थांबतं. "तलवार कोणावर चालली ते आपल्याला ठाऊक आहे," तुम्ही म्हणता. "याचं नाही." तेव्हापासून दूर दगडखाणीत सुरुंग उडाला की तुमचा घास हातातच राहायचा. आई वैतागायची, "अहो, खाणीतला आहे तो!" तुम्ही हो म्हणायचात आणि पानावरून उठायचात.

मला तुमचा राग यायचा, अजून येतो. त्याच लेथवर, त्याच बारकाईनं मी आज इस्पितळातल्या श्वासयंत्रांच्या झडपा करते. ते टोपण नसतं तर ही झडप झाली नसती, असं मी चारचौघांत ठासून सांगते, आणि ते खरंच आहे. फक्त, झडपेसाठी म्हणून कोणी आपल्याला आगाऊ रक्कम का दिली नाही, हे घरी आल्यावर डोक्यात घोळत राहतं.

आता झडपांची मागणी आटली आहे, कारखान्याला टाळं लागायची वेळ आली आहे. अशात पुन्हा फौजेचे साहेब आले. नवी मशीन, नवं टोपण, आणि तेच न विचारणं. तुमच्या नातीला मराठी समजतं, बोलते मात्र हिंदीत. "मम्मी, ले लो ना. सबकी नौकरी बच जाएगी." तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. काल मी सही केली, साहेबांनी नमुन्याचं टोपण हातात ठेवलं.

आज सणामुळे खाण बंद आहे, अण्णा. तरी जेवताना मला सुरुंग ऐकू आला. मुलीला विचारलं, तिनं काहीच ऐकलं नव्हतं.

आत्ता उठून ओच्यातलं टोपण पाटावर ठेवलं. बोटावरचं कुंकू सुकून गेलं, टोपण कोरंच आहे.