घरगाडीचे खांदे

३ ऑगस्ट, रविवार
सकाळपासून घरगाडी धुतली. आत्ता जेवणं आटोपून बसले, तरी हाताला शाम्पूचा वास आहे. माझ्या डोक्याला जन्मात एवढा शाम्पू लागला नाही.

गाडी दिराची. प्रकाश भाऊजी, मुक्काम पुणे. यापुढे नुसतं प्र. लिहीन, पूर्ण नावाला शाई कोण घालवतो. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. पुण्याच्या सोसायटीत उभी करू देत नाहीत म्हणून शिरपूरला, आमच्या अंगणात. फोनवर हुकूम सुटतात. टपापासून खाली धुवायचं. कपड्याची पावडर नको. बोअरचं पाणी अंगावर सुकू द्यायचं नाही, पांढरे डाग पडतात, लगेच मऊ फडक्यानं टिपायचं. मग कव्हर. ऊन लागता कामा नये.

"वहिनी, लहान बाळासारखं जपा."

माझी दोन बाळं वाढली तेव्हा प्र.नं एक दुपटं वाळत घातलं नाही. हे ओसरीवर पेपर वाचत होते. मी बादली आपटली तर म्हणाले, "त्यानं सांगतलं ना, मंग धू." नवरा म्हणून एवढंच कामाचं बोलणं झालं दिवसभरात.

६ ऑगस्ट
कव्हर वाळत घातलं तेवढ्यात कावळ्यानं टपावर घाण केली. रोज फोटो पाठवायचा असतो, त्यात प्र.ला दिसली. आजच्या आज भिजवून काढा, नाहीतर रंग खाते म्हणे. शिडीवर चढले. खाली सासरे शिडी धरून. मामाजी ऐंशीच्या पुढचे. त्यांनी शिडीला धरलं होतं की शिडीनं त्यांना, देव जाणे.

टपावरून अंगण वेगळंच दिसतं. गाडीचं तोंड आहे तिथे गव्हाण होती. मागचं चाक आहे तिथे मोऱ्या बैल बसायचा, त्याच्या शेजारी बांड्या. गेल्या दिवाळीच्या आधी प्र. आला, पट्टी घेऊन अंगण मोजलं आणि मामाजींना म्हणाला, "बाबा, आता बैल कोण ठेवते? गोठा काढला की गाडी उभी राहीन. दिवाळी झाली की तुमाले समुद्र दाखोतो."

मामाजींनी समुद्र पाहिलेला नाही. वाशीम, अकोला, एकदा नागपूर. एवढीच दुनिया. पण टीव्हीवर समुद्र लागला की जेवण थांबवतात. म्हणून हो म्हणाले. बैल आसेगावच्या माणसानं नेले. गोठा ह्यांनीच पाडला, स्वतःच्या हातानं.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. मे महिन्यात प्र. आला, मित्रांना घेऊन गोव्याला गेला. बाबांना ऊन सोसणार नाही म्हणाला. गाडीला मात्र ऊन सोसलं.

परत आली तेव्हाही धुतली मीच. समुद्राचं मीठ पत्रा खातं, खालून नीट धुवा, असा फोन. पायपुसणं झटकलं तर वाळू. मामाजी जवळ आले, चिमूटभर उचलली, बोटांत चोळली आणि जिभेला लावली.

"खारट हाय वो," म्हणाले. आनंदानं म्हणाले. मला त्या वेळी प्र.च्या तोंडात ती सगळी वाळू कोंबावीशी वाटली. अजून वाटते.

१२ ऑगस्ट
आज मेण. डब्यातलं मेण थोडं थोडं लावायचं, गोल गोल चोळायचं, धुरकट झालं की कोरड्या फडक्यानं पुसायचं. एका वेळी थाळीएवढा भाग. गाडी केवढी, थाळी केवढी. खांदा निखळून आला. सोयाबीनची फवारणी राहिली, ती कोण करणार हे कुणी विचारलं नाही.

रस्त्यानं जाणारे जैन मंदिराचे यात्रेकरू थांबून बघतात. एक बाई म्हणाली, "नशीबवान आहात, सगळीकडे फिरत असाल." मी म्हटलं, हो, हिच्याभोवती.

मामाजी खाटेवर बसून बघत होते. "बांड्याचं आंग असंच चमके," म्हणाले. मग प्र.चा फोन आला तो त्यांनी मागून घेतला. सहसा घेत नाहीत.

"कवा नेतो बाबू?"

स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं. पोळ्याला येतो बाबा, पोळ्याला नक्की, तुम्ही तयारीत राहा.

मामाजींनी लगेच धोतर भिजत घातलं. पोळ्याला अजून किती वेळ. बोलून त्यांचं काय काढून घ्यायचं?

१७ ऑगस्ट
मेडशीहून आईचा फोन. पोळ्यानंतर चार दिवस माहेरी ये म्हणाली. म्हटलं, गाडीला कोण सांभाळील? ती हसली. मी हसले नव्हते.

मामाजींनी पिशवी भरून ठेवली. दोन धोतरं, बंडी, बीपीच्या गोळ्या, रिकामी बाटली. बाटली कशाला? म्हणे, समुद्राचं पाणी आणायला, नाहीतर गावात कुणी खरं मानणार नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
खांदमळणी. पोळ्याचा आदला दिवस. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बैल नाहीत, म्हणून मी वाटी काढली नव्हती. पुरणाची डाळ आणायला दुकानात गेले होते.

आले तर पुढून कव्हर वर सारलेलं. मामाजी गाडीला टेकून उभे. वाटी त्यांनीच घेतली होती. पुढच्या चाकांच्या वर, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, हळद-तूप चोळलेलं. बैलाला चोळतात तसंच, तळहातानं, दाबून. पांढरी शुभ्र गाडी, मी मेण लावून लावून चमकवलेली, दोन्ही खांदे पिवळे. आणि वाकून तिला सांगत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. भीती वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

नंतर विचारलं, "मामाजी, काहून लावलं?"

"उद्या लय दूर जाचं हाय तिले. खांदे दुखतीन."

२२ ऑगस्ट, पोळा
प्र. दुपारी आला, आपल्या लहान गाडीनं, एकटा. आधी पुरणपोळी खाल्ली. तीन वेळा तूप मागितलं. मामाजी नवं धोतर नेसून, पिशवी मांडीवर घेऊन दारात बसलेले. प्र.नं त्यांच्याकडे बघितलंच नाही.

मग कव्हर काढलं. पुण्याची भाषा तिथेच गळून पडली. "काय करून ठेवलं हे! बाबा, हे बैल हाय काय?"

मामाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "नायी बाबू. बैल असता तं मले घिऊन गेला असता."

हे तोंडात सुपारी धरून उभे. प्र.नं विषय बदलला. गणपतीत मित्रांना कोकणात न्यायचंय, शब्द दिलाय, मंगळवारी सकाळी गाडी घ्यायला येतो, तोवर हे डाग गेले पाहिजेत, वहिनी. बाबांचं बघू पुढे, पाऊस आहे, रस्ते खराब आहेत. मित्रांसाठी रस्ते दुसरे असतील.

मामाजींनी पिशवी सोडली नाही. मांडीवर तशीच. मी ताट वाढलं तर पिशवीवरूनच जेवले.

२४ ऑगस्ट
प्र.नं फोनवर सांगितलं तसं शाम्पूनं घासलं. काही नाही. मग म्हणाला, साबण लावा. मी लावला. हळदीला साबण लागला की काय होतं ते कुठलीही बाई सांगेल. लालभडक. फोटो पाठवला. तिकडून ओरडला, मी फोन खाटेवर ठेवला आणि भाजी निवडली. मग साध्या पाण्यानं धुतलं तर पुन्हा पिवळं.

हळद उन्हानं उतरते. लग्नातल्या हळदीच्या साड्या आम्ही उन्हात टाकतो, दुसरं काही करत नाही. गाडीही कव्हर काढून उन्हात ठेवली तर डाग फिका पडेल. त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण त्याचा हुकूम आहे, ऊन लागता कामा नये. बरं. नाही लागणार. घट्ट बांधलं कव्हर, दोऱ्यांना गाठी मारून.

आयुष्यभर सगळ्यांचं ऐकलं. हेही ऐकते.

२६ ऑगस्ट, मंगळवार
लवकर उठले. कव्हर काढलं, घडी करून ओसरीवर ठेवलं. दोन्ही खांदे पिवळे जर्द.

आत हवा खेळती ठेवायला किल्ली आमच्याकडेच असते. मामाजींचे पाय धुतले, मऊ फडक्यानं टिपले, कारण गाडीत पाण्याचे डाग चालत नाहीत. त्यांना विचारलं, "बसता?" ते उठले. पायरी उंच आहे. मला एकटीला चढवणं जमेना.

तेव्हा हे आले. पेपर खाली ठेवून आले. एका हातानं बापाला धरलं, वर घेतलं, पुढच्या सीटवर बसवलं. पिशवी आणून मांडीवर दिली. काठी पायाशी ठेवली. पट्टा त्यांना लावता येईना तर ह्यांनीच लावला. मग खाली उतरून माझ्या शेजारी उभे राहिले. आमच्या लग्नानंतर हा माणूस माझ्या शेजारी असा पहिल्यांदा उभा राहिला.

मी म्हटलं, "आता?"

"येऊ दे त्याले. उतरवून दाखव म्हणा माह्या बापाले."

पोळ्या भाजून डब्यात भरल्या आहेत. दोन माणसांच्या, मामाजींच्या आणि प्र.च्या. मित्रांच्या नाहीत. हे लिहितेय ते ओसरीवर, कव्हराच्या घडीवर बसून.

फाटकाशी हॉर्न वाजला. हे उठले नाहीत. मामाजींनी आतून दाराची कडी लावून घेतल्याचा आवाज आला.