आडवं कापायचं की उभं?

प्रिय धाकटे,

शाळा सुटल्यावर निळ्या फ्रॉकवरच आपण बाबांच्या वखारीत मोठ्या करवतीच्या दोन टोकांना बसायचो, आठवतं? "ढकलू नका गं, नुसती ओढा, पलीकडची ओढेलच," असं बाबा ओरडायचे आणि तू हटकून ढकलायचीस. पातं वाकायचं, तू हसत सुटायचीस, बोलणी मात्र मला. आपल्या डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी तळाशी टोच्याने खुणा कोरल्या होत्या, गिऱ्हाइकांच्या लाकडांवर कोरायचे तशाच. तुझ्या डब्याला मासा, माझ्या डब्याला शिडी. मला मासा हवा होता. शाळेतल्या सिस्टरनी एकदा डबा उलटा करून विचारलं, शिडीच का? तोच प्रश्न मला अजूनही पडतो.

बावीस वर्षांनी लिहिते आहे आणि सुरुवात कुठून करावी ते समजत नाही, म्हणून आधी बातमी. वखार विकली. महिनाअखेरीला रिकामी करून द्यायची आहे. मागच्या शेडमधला अक्रोडाचा ओंडका तेवढा राहिलाय, बाबांनी शेवटपर्यंत कुणाला हात लावू न दिलेला. तो जळणाला द्यायचा, आणि तोडायचाही आपणच, असं ठरवून मी या वयात चेनसॉ विकत घेतला. हसू नकोस. दुकानदाराचं हसून झालंय. "काकू, हा मिक्सर नव्हे," म्हणाला. मग त्याने विचारलं, "लाकूड आडवं कापायचंय की उभं?" आडवं म्हणजे तुकडे, उभं म्हणजे फळ्या. दोन्हींच्या चेन वेगळ्या, दात वेगळ्या कोनात घासलेले. जळणाला फळ्या कशाला, म्हणून मी म्हटलं, आडवं. तरी घरी येईपर्यंत तीनदा वाटलं, परत फिरावं आणि नीट विचारून यावं. काय विचारणार होते, देव जाणे.

नवी चेन एकदम जाड लाकडाला लावायची नसते. आधी तेलात भिजवायची, मग जुन्या वाशांवर हात बसवायचा. थोडं कापायचं, थांबायचं, गार होऊ द्यायचं, सैल पडलेली चेन ताणून घ्यायची, की पुन्हा तेच. पहिल्या दिवशी मी चारदा ताणली. दाब द्यायचा नाही, यंत्राचं वजनच पुरतं, हे दुकानदाराने बजावलं होतं आणि मी दाबतच होते. आणखी एक त्याने बजावलं होतं: रंग किंवा माती असलेल्या लाकडाला लावलीत तर नव्या दातांची वाट लागेल. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुरी घेऊन ओंडक्याच्या तोंडाचा हिरवा रंग खरवडायला बसले.

तो रंग मीच दिला होता. बाबा अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी. म्हणाले, "ओंडक्याच्या तोंडाला रंग लाव, नाहीतर तडे जातील." डबा आणि कुंचला घेऊन मी गेले, तर तोंडावर फळ्यांच्या रेघा आखलेल्या, आणि वरपासून टोच्याने कोरलेला मासा, मासा, मासा. तू घर सोडून गेलीस, त्यांचं उठवणं-बसवणं मी करत होते, आणि लाकडावर मासे! खालचा भाग चिखलाने लडबडलेला होता, तो न पुसता मी त्यावरूनच कुंचला फिरवला. दोन हात दिले. बाबा गेल्यावर तुला कळवलं की बाबांनी तुझ्यासाठी काही ठेवलं नाही. तू उत्तर दिलं नाहीस. कशाला देशील?

आता गुडघे वाकत नाहीत म्हणून बुटक्या स्टुलावर बसले होते, त्यामुळे चिखलापर्यंत हात पोचला. खालच्या तीन फळ्यांवर शिडी आहे गं. तीन मासे, तीन शिड्या. बाबांनी रंग तड्यांसाठी द्यायला सांगितला, की मी त्या खुणा बघाव्यात म्हणून? बघाव्यात असं होतं, तर तोंडाने का नाही बोलले? आणि माझं मला तरी कुठे उमगतंय? पहिला हात तड्यांसाठी होता असं म्हणता येईल. दुसरा कशासाठी दिला, ते मात्र मला माहीत आहे. हे पत्र त्या दुसऱ्या हातासाठी आहे.

मी पुन्हा दुकानात गेले. "काकू, आता नक्की ना?" असं विचारून त्याने उभ्या कापाची चेन दिली. फळ्या काढायला बाबांचा जुना करवत्या येतोय. "ताई, तुम्ही फक्त लांब उभ्या राहा," असं त्याचं म्हणणं आहे. माशाच्या तीन फळ्या तुला, उत्तर आलं नाही तरी. शिडीच्या दोन मी ठेवीन. तिसरी करवत्याला, आणि चेनसॉही त्यालाच, दोन्ही चेनसकट. मोठी करवत अर्धी कशी द्यायची ते काही सुचत नाही, ती तू येईपर्यंत माझ्याकडे राहील. मात्र त्याआधी आडव्या चेनने ओंडक्याच्या तोंडाची एक चकती मी माझ्या हाताने कापणार आहे, खुणांसकट, कडेच्या हिरव्या रंगासकट. ती सगळ्यांत आधी तुला पाठवते. नुसत्या माझ्या शब्दावर तू आता विश्वास ठेवायची नाहीस.

तुझीच,
ताई