तुटीच्या पंगतीत आधी कोणी उठायचं?

मुर्धा, भाईंदर (प.)

चि. सुयोग यास (विधानसभेत तुला 'सन्माननीय' म्हणत असतील, मुर्ध्यात तू चिरंजीवच) आत्माराममामाचे आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल. तुझा घसा कसा आहे? परवा टीव्हीवर तू राज्याच्या तुटीवर बोलत होतास, आणि जनतेने थोडी झळ सोसली पाहिजे असं म्हणताना तुझा आवाज बसला. हळद-दूध घे.

झळ आमच्यापर्यंत लगेच पोचली. गावच्या वाचनालयाचं अनुदान थांबल्याचं पत्र आलं. (त्याच आठवड्यात तुम्ही आमदारांचे भत्ते एकमताने वाढवलेत. तुमचं कशावर तरी एकमत होतं, हे पाहून बरं वाटलं.) मी तिथला बिनपगारी चिटणीस, म्हणजे कुलूपही मीच लावायचं.

तूट म्हटली की मला आपल्या चांदणीचं लग्न आठवतं. वऱ्हाड ठरल्यापेक्षा दुप्पट आलं (मुलाकडच्यांनी डोंगरी, चौक, आसपासचं एकही गाव वगळलं नव्हतं) आणि जेवण पुरणार नाही हे पहिल्याच पंगतीला दिसायला लागलं. मुलीचा बाप मी, धावत तुझ्याकडे आलो. तू आमदार म्हणून तुझा सल्ला घेतला, हीच चूक. तू म्हणालास, पाहुण्यांना जिलबी एकेकच वाढा, वरणात पाणी घाला आणि तुटीचा अभ्यास करायला समिती नेमा. मी नेमली. तू, तुझा पीए निकेत आणि तुझे कार्यकर्ते, अशी अख्खी समिती थेट पंगतीत बसली. अभ्यास इतका सखोल झाला की जिलबीचं पातेलं अर्ध्यावर आलं. तिकडे नवऱ्या मुलाचे आजोबा मांडवाच्या खांबाला टेकून ताटकळत होते, आणि व्याही माझ्याकडे बघेनासे झाले होते.

मग तुझी आई, आमची सावित्रीआक्का आली. अहवाल वगैरे न मागता तिने तुझ्यापुढचं ताट उचललं.

"पावनं जेवल्याबिगर घरचा कुनी बसाचा न्हाय. ऊठ."

तू उठलास. तुझ्यामागे समिती उठली, आणि सगळं घर वाढायला लागलं. पाहुणे पोटभर जेवले, आपण चहात खारी बुडवून भागवलं. व्याही अजून त्या पंगतीचं नाव काढतात.

तेव्हा तुटीवर उपाय विचारशील तर माझा हाच. भत्ते, मोटारी, अभ्यासदौरे, आधी तुमची ताटं उचला. तेवढ्याने राज्याची तूट भरणार नाही, हे मलाही कळतं. (तुझ्या एका ताटाने चांदणीच्या लग्नात तरी काय भरणार होतं?) पण घरचे उठले की बाकीचे आपणहून पदर खोचतात. मग झळ सोसायला सांग, सोसू. तोंडात जिलबी ठेवून सांगू नकोस.

आणि वाचनालयाला कुलूप मी लावणार नाही. गावातल्या मुली तिथे परीक्षेचा अभ्यास करतात, त्यांना बसायला दुसरी जागा नाही. कुलूप मी किल्लीसकट खाडीत टाकलंय. कुणाला हवं असेल त्याने भरती-ओहोटी बघून उतरावं.

तुझा,
आत्माराममामा

ता.क. : येत्या अधिवेशनात उभा राहून वाढीव भत्ता सोडतोस असं सांग, आणि मग अनुदानाचं विचार. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. घशाचं आपलं सहज विचारलं.

ता.क. २ : पत्र आक्काला वाचून दाखवलं. तिने तुला रविवारी घरी बोलावलंय. वाचनालयातल्या मुलींची पंगत आहे. निकेतलाही आण, वाढप्यांची तूट आहे.