चपलेचा आवाज

सोमवार, ३ फेब्रुवारी

चपलांचा खरा हिशेब: खोक्यावर छापलेले चौदाशे. दुसरा जोड अर्ध्या किमतीत, म्हणून मोह झाला, तो माझ्या मापाचा घेतला. नेरूळला त्या दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही. जिथे लावली तिथून पोलिसांनी उचलून नेली. ती सोडवण्यात दुपार गेली, दुपारचं जेवण गेलं, आणि जेवण थंड झालं म्हणून बायकोची, भागीरथीची बोलणी खाल्ली, ती वेगळी. सोन्याच्या भावात पडल्या म्हणायच्या. पण भागीला मधुमेह, आणि साखरेच्या माणसाचे पाय जपायला हवेत, घरातही मऊ चप्पल घाला, असं डॉक्टर अरुणाबाईंनी सांगितलेलं.

भागीने खोकं उघडलं, चपलेचा वास घेतला, 'बरी हाय,' म्हणाली आणि झाकण लावलं. मी माझी तिथंच पायात घातली. पायाखाली लोणी!

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज अरुणाबाईंनी सरळ सांगितलं. भागीच्या किडन्या जेमतेम दहा टक्के चालतात. आता दोन वाटा. एक, डायलिसिस: आठवड्यातून तीनदा मशीनवर, आयुष्यभर. त्याच्या आधी हातात फिस्टुला करायचा, म्हणजे सुई टोचायला शीर तयार करायची छोटी शस्त्रक्रिया. दुसरी वाट, मशीन नाहीच. औषधं, पथ्य, त्रास होऊ द्यायचा नाही, आणि जेवढे दिवस मिळतील तेवढे घरी.

मी म्हणालो, 'यात विचारायचं काय? मशीन लावा.'

बाई म्हणाल्या, 'आजोबा, आजींचं वय शहात्तर. म्हातारं माणूस आधीच खचलेलं असलं तर मशीन त्याला दिवस देतं तसे काढूनही घेतं. यायचं, झोपायचं, थकून घरी जायचं, एवढंच उरतं. कोणाला फायदा होईल ते आधी ओळखावं लागतं.'

'ओळखता कसं?'

'गणित आहे. वय, हृदय, रक्तातलं प्रथिन, स्वतःचं स्वतः करता येतं का, चाल कशी आहे. पण उत्तर येतं ते अशा शंभर आजींचं. या एका आजीचं नाही.'

'म्हणजे गाडीच्या विम्यासारखं.'

हसल्या. म्हणाल्या, 'आणि शेवटी एक प्रश्न मी मलाच विचारते. वर्षभरात हा पेशंट गेला, तर मला नवल वाटेल का?'

'मग? वाटेल का?'

'अजून ठरत नाही. इथे सगळेच ताठ चालतात. घरी कशा चालतात ते बघून सांगा.'

भागी इतका वेळ भिंतीवरचा किडनीचा तक्ता बघत होती. मग म्हणाली, 'लावा की मशीन. नायतर एप्रिलात मसाला कोन करनार?' बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं, आमच्या आगरी घरात वर्षाचा मसाला एकदाच होतो. तळवलीतली निम्मी घरं हिच्या हातचा नेतात. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मसाला लिहिला असावा.

अठरा तारीख फिस्टुलासाठी धरून ठेवलीय. चौदाला नक्की सांगायचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भागीने जिलबी मागितली. नमिताने काकडी दिली. सासू-सून दुपारभर बोलत नाहीत. घरात शांतता, बरं वाटलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

डायलिसिसचं सेंटर बघायला गेलो, एकटाच. गाडी घ्यायच्या आधी गॅरेज बघावं तसं.

बाहेर बाकावर बसून कान लावले. कळंबोलीला ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो तेव्हापासून कानावरच पोट भरलंय. पुढे स्वतःच्या अकरा गाड्या झाल्या, तरी गाडी फाटकातून आत शिरली की मी केबिनमधून सांगायचो, तिसऱ्या गिअरचा दात गेलाय. मेकॅनिक उघडून बघायचा, तिसराच. माणूसही तसाच. ज्याची चप्पल फट्‌फट्‌ वाजते तो टिकणार. ज्याची घसऽऽ घसऽऽ येते त्याचा क्लच गेला! या कानांनी आजवर मला एकदाही फसवलेलं नाही. एक म्हातारी आली, मुलाच्या खांद्यावर अर्धी लोंबत. घसऽऽ घसऽऽ. मशीनवरून उतरली तेव्हा चाकाच्या खुर्चीतून नेली, डोळेही उघडले नाहीत.

तिच्या मागून आणखी एक घसऽऽ आली. मी मनात म्हटलं, हेही गेले. तर हौसेराव म्हणून एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, बँकेतून निवृत्त. शेजारी बसून अख्खं संत्रं माझ्या हातात ठेवलं. 'मला चालत नाही, तुम्ही खा, मी बघतो.' पाच वर्षं मशीनवर आहेत म्हणे.

मी विचारलं, 'पाय ओढत चालता, त्रास होतो?'

'छे हो. शाळेत मास्तर याच्यावरूनच मारायचे.'

आता अपवाद कुठे नसतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज परीक्षा घेतली. व्हिडिओ काढायचा नाही असं ठरवलं. फोन दिसला की भागी पदर सारखा करून लग्नातल्यासारखी उभी राहते. म्हणून फोनवर नुसता आवाज टिपायला लावला आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवला. धनेश आणि नमिता मुलांना घेऊन बाहेर गेले होते. घरात आम्ही दोघंच. ती भाकऱ्या करत होती. मी हॉलमध्ये पेपर वाचत बसलो. मधे मधे जाऊन फोन चालू आहे ना ते बघून आलो, तिला संशय नको म्हणून दरवेळी पाण्याचा पेला भरून घेतला. चार पेले पाणी झालं.

दुपारी गच्चीत जाऊन ऐकलं.

परातीचा आवाज. भाकरी थापल्याचा. भागी काहीतरी गुणगुणतेय. आणि मग घसऽऽ… घसऽऽ… थांबली. पुन्हा घसऽऽ. उजवा पाय जास्त ओढतोय. परत जाताना तर अजून हळू.

तीनदा ऐकलं. मग फोन खिशात टाकला आणि खाडीकडे बघत बसलो. भाकऱ्या झाल्या म्हणून तिने हाक मारली तेव्हा आवाज कसा खणखणीत होता! पण हॉर्न चांगला म्हणजे इंजिन चांगलं असं नसतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. आज सांगितलं. मशीन नको.

धनेश म्हणाला, 'बाबा, तुम्हीच तर लावा म्हणत होता.'

'आता नाही म्हणतो.'

नमिता म्हणाली, 'आईंना विचारलंत?'

विचारलं नव्हतं. भागी दारातच उभी होती, लसूण सोलत. म्हणाली, 'माझा हात, माझी शीर, आन ठरवतंय कोन?'

मी म्हणालो, 'तुला त्या खुर्चीतून न्यायला लागलेलं मला बघवणार नाही.'

'मंग तोंड फिरवा. लगनात लाजून फिरवलं व्हतं तसं.'

पोरं हसली. मीही हसलो. ती हसली नाही. लसणाची सालं माझ्या पेपरावर टाकून आत गेली.

पन्नास वर्षांपूर्वी हीच बाई मिठागरात डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून पळायची, खाली काचेसारखं मीठ आणि पाय उघडे. तेव्हा पहिल्यांदा बघितली. चाल बघूनच हो म्हणालो होतो. म्हणूनच ती घसऽऽ कानातून जात नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अरुणाबाईंकडे गेलो. त्यांनी भागीला खुर्चीवरून हात न टेकता पाचदा उठायला लावलं. उठली. मूठ दाबायचं यंत्र दिलं, तेही दाबलं, वर बाईंना म्हणाली, 'मोडलं तर भरून नाय देनार.' चालून दाखवलं. बाईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, 'गणित माझ्या अंदाजापेक्षा चांगलं येतंय. तीन महिने करून बघू. आजींना नको वाटलं तर थांबवता येतं.'

भागीला रक्त तपासायला बाहेर नेलं तेव्हा मी फोन काढला. म्हटलं, 'इथे ती तुमच्यासाठी चालते. घरचं ऐका.'

बाईंनी दोनदा ऐकलं. खुललेला चेहरा मिटला. 'हे पाऊल खरंच ओढतंय,' म्हणाल्या. 'पडण्याची भीती आहे. असं असेल तर मला परत विचार करावा लागेल.' अठरा तारीख तूर्त बाजूला ठेवली. सोमवारी भागीशी स्वतः बोलते म्हणाल्या.

माझं म्हणणं खरं ठरलं. इतकं वाईट याआधी कधी वाटलं नव्हतं.

गाडीत भागी म्हणाली, 'काय ऐकवलंत त्यांना?'

मी रेडिओ लावला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

भागीने आज माझ्या खिशातून फोन काढला आणि नमिताकडून आवाज लावून घेतला. एकदाच ऐकला. मग मला विचारलं, 'चुलीपुढं चप्पल घालून मी कधी गेले? सैपाकघरात चप्पल घालून फिरनारं या घरात कोन हाय?'

कपाटावरून खोकं काढून दाखवलं. तिचा जोड तसाच, तळाला किमतीचा कागद.

अरुणाबाईंना फोन केला. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. अठरा तारीख परत मिळाली. आम्हाला दोघांनाही बोलावलंय. तिला फिस्टुलासाठी, मला चालून दाखवायला.